जुईच्या भुवया

फेब्रुवारी संपत आला की ग्वाल्हेरात रजया उन्हात घातल्या जातात आणि मुलं घरात. दौलतगंजच्या आमच्या गल्लीत सकाळी अकराला गच्च्यागच्च्यांवर रंगीत रजया पसरलेल्या दिसतात आणि खालच्या खिडक्यांतून एका सुरात पाठांतर ऐकू येतं. वराती निघतात, पण शाळेजवळ आल्या की त्यांचे बँड आपोआप दबतात. कडुनिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागतात. झाडलेलं अंगण दहा मिनिटांत पुन्हा भरतं. हातगाड्यांवर हिरव्या हरभऱ्याचे ढीग येतात, संध्याकाळी कुणीतरी त्याचा हुळा भाजतं आणि तो धुरकट, गोडसर वास जिन्याने वर चढतो. थंडी पहाटेपुरती उरलेली असते. हा परीक्षांचा मोसम. या दिवसांत माझा हात अजूनही नकळत स्वतःच्या भुवईकडे जातो.

यंदा तो मोसम मला सुनीताने आणून दिला. ती माझ्याबरोबर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग लागलेली, ती नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होती, मी बाह्या वर करायला सांगत होते. मान वर न करता ती म्हणाली, ''दीदी, आप जुई को किसके पास ले गई थीं?''

जुई माझी मुलगी; सुनीताची यंदा बारावीला आहे. दोन आठवड्यांपासून खोलीतून बाहेर येत नाही, ताट दाराशी ठेवावं लागतं. मी तिला एका कागदावर नाव आणि पत्ता लिहून दिला. मग वाटलं, नुसता पत्ता देणं म्हणजे अर्धाच उपचार. मी म्हटलं, ''शाम को घर आ जाना. और बातें भी हैं.''

त्या दिवशी मी सत्तेचाळीस जणांचं रक्त घेतलं आणि प्रत्येक सुईबरोबर मला जुईची दहावी आठवत राहिली.

हे लिहिण्याआधी मी जुईला विचारलं. ती आता इंदूरला कॉमर्स शिकते. फोनवर म्हणाली, ''लिही ना. पण भुवया आता मस्त आहेत, हे पण लिही.'' तर लिहिते: मस्त आहेत.

बावीस वर्षं मी लोकांच्या शिरा शोधते आहे. माझा हात हलका आहे असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे. जुई दहावीला गेली त्या वर्षी दिवाळीनंतर तिचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. मग डोकं. मग शाळेचे बूट घालता घालता मळमळ. मला जे येत होतं ते मी केलं. तिचं रक्त घेतलं. दोन महिन्यांत तीन वेळा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, जीवनसत्त्वं. प्रत्येक वेळी मीच नळी हलवली, मीच यंत्रात घातली आणि मीच रिपोर्ट वाचला. सगळं नॉर्मल. लॅबमध्ये रोज लोक हा शब्द वाचून देवाला हात जोडतात. मला मात्र तिसऱ्या वेळी तो वाचून रडू आलं. काहीतरी सापडायला हवं होतं. सापडलं असतं तर त्याची गोळी असती.

जानेवारीत धुक्याची एक सकाळ होती. समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं. जुई आरशासमोर उभी होती आणि मला दिसलं की तिची डावी भुवई अर्धीच आहे. कानाकडचा भाग गायब. मी भडकले.

''परीक्षा तोंडावर आली आहे आणि तुला थ्रेडिंग सुचतंय? कुठल्या पार्लरवालीने हे असं करून ठेवलंय?''

जुई आरशातच माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ''हो. चुकून झालं.''

तो ''हो'' मी अजून विसरलेले नाही. खरं सांगण्यापेक्षा माझी बोलणी खाणं तिला सोपं वाटलं होतं.

आठवड्याने तिचं टेबल पुसताना गणिताची वही उघडली गेली. पानांच्या मधल्या घडीत बारीक बारीक केस होते. इतके व्यवस्थित, की कुणी जपून ठेवल्यासारखे. मी ते कागदाच्या पुडीत बांधले आणि लॅबमध्ये नेले. आईने काय करायला हवं होतं मला माहीत नव्हतं; लॅबवालीने काय करायचं ते माहीत होतं. काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. आपोआप गळालेल्या केसाचं मूळ सुकलेलं असतं, बोथट गाठीसारखं. उपटलेल्या केसाचं मूळ ओलसर, ताजं, त्याला चिकटलेलं आवरणही दिसतं. मी अकरा केस बघितले. अकराही उपटलेले होते.

पहिल्यांदाच माझ्या मुलीचा रिपोर्ट नॉर्मल नव्हता.

महेश, माझा नवरा, नळपाणी खात्यात उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता आहे. शहरात कुठे पाइप फुटला की त्याचा फोन वाजतो. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ''लीकेज कुठे आहे ते आधी कळायला पाहिजे.'' त्याची काळजी अशीच बोलते. आम्ही आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. ते भले माणूस. जुईला बाहेर बसवून आम्हाला म्हणाले, ''मलहम से बाल तो आ जाएँगे, पर हाथ फिर वहीं जाएगा. किसी काउन्सेलर से मिलिए.''

आता माझी चूक सांगते. सुनीतालाही मी संध्याकाळी तीच सगळ्यात आधी सांगितली. मी किला गेटजवळच्या एका काउन्सेलरची वेळ घेतली आणि जुईला सांगितलं की डोळे तपासायला जायचंय. मला वाटलं, तिथे पोचलो की ती बोलेल. तिने दारावरची पाटी वाचली, माझ्याकडे एकदाच वळून बघितलं आणि ती आत जाऊन बसली. चाळीस मिनिटं तिने तोंड उघडलं नाही. ते गृहस्थही चुकीचे होते असं नाही, पण ते सगळा वेळ महेशशीच बोलले, आणि शेवटी जुईला मेहनत आणि जिद्द यावर दहा मिनिटं ऐकवलं. बाहेर आल्यावर जुई म्हणाली, ''मी वेडी आहे तर सरळ सांगायचं ना. चष्म्याचं नाटक कशाला?''

आम्ही घरी निघालो. स्कूटरवर ती माझ्या मागे बसली होती, पण दोन्ही हात मागच्या कडीला. लहानपणापासून ती माझ्या कमरेला धरून बसायची.

दोन आठवडे आम्ही कुणीच तो विषय काढला नाही. मग सराव परीक्षेत तिने गणिताचा पेपर कोरा दिला. नाव, रोल नंबर आणि पुढे काही नाही. शाळेतून बोलावणं आलं. तिच्या वर्गशिक्षिका ओरडल्या नाहीत, त्यांनी फक्त कोरी उत्तरपत्रिका आमच्यासमोर ठेवली. महेशने ती उलटीपालटी करून बघितली, जणू मागे काहीतरी असेल.

त्या संध्याकाळी मी जुईच्या खोलीत गेले आणि पलंगावर न बसता खाली जमिनीवर बसले. का, ते सांगता येणार नाही. उंचावरून बोलायचं नव्हतं. म्हटलं, ''मी तुला फसवून नेलं, ते चुकलं माझं. तू वेडी नाहीस. तुझा हात भुवईकडे जातो, तुला थांबवता येत नाही, आणि मला पण थांबवता येत नाही. ज्यांना हे समजतं अशा कुणाकडे जाऊया. आवडलं नाही तर दुसरं शोधू. पण यावेळी तू हो म्हटलंस तरच.''

तिने विचारलं, ''बाई आहेत का?''

''बाई शोधते.''

''आणि तू आत नाही येणार.''

''नाही येणार.''

''मग बघू.''

त्या 'बघू'वर मी जयेंद्रगंजमधल्या अर्चना मॅडमना फोन केला. त्यांची जागा वकिलांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्याच्या दोन्ही बाजूंना वकिलांच्या पाट्या, कागदांचे गठ्ठे, वाट बघत बसलेले खेड्यातले अशील. मॅडम पन्नाशीच्या, भिंडकडच्या, खणखणीत हिंदी बोलणाऱ्या. खोलीत कूलर चालू होता. फेब्रुवारीत! मी शाल सावरून बसले. नंतर कळलं की त्यात पाणी नसायचं. आतलं बोलणं जिन्यापर्यंत जाऊ नये म्हणून नुसता पंखा घरघरत ठेवायच्या. मला त्यांच्याबद्दल पहिला विश्वास वाटला तो त्या कूलरमुळे.

त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही आधी. जुईला विचारलं, ''तुम आई हो या लाई गई हो?''

जुईने आमच्याकडे बघून घेतलं. ''आधी-आधी.'' निम्मी स्वतः, निम्मी आणलेली.

''ठीक है. तीन बार आकर देख लो. फिर तुम बताना, आगे आना है या नहीं. मम्मी-पापा नहीं बताएँगे.''

महेश पुढे सरकला. ''मॅडम, कितनी सिटिंग में ठीक हो जाएगी? मार्च में बोर्ड है.''

''मुझे नहीं पता,'' त्या म्हणाल्या. इतक्या साधेपणाने, की महेशला राग यायला जागाच उरली नाही. मग त्यांनी आम्हा तिघांसमोर नियम सांगितले. जुई जे बोलेल ते याच खोलीत राहील. तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र त्या आम्हाला सांगतील, आणि सांगण्याआधी जुईला सांगतील. औषधाची गरज वाटली तर मनोविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवतील, त्यात घाबरण्यासारखं काही नसेल. दर बुधवारी चार वाजता. आणि शेवटचा नियम आमच्यासाठी: ''घर जाते हुए पूछिएगा मत, क्या बात हुई.''

हा शेवटचा नियम मला सगळ्यात जड गेला. मी बुधवारी अर्धी रजा टाकायचे, तिला घेऊन जायचे आणि पन्नास मिनिटं जिन्यातल्या बाकावर अशिलांमध्ये बसायचे. दार उघडायचं, जुई बाहेर यायची, कधी डोळे लाल, कधी चक्क हसत. माझ्या जिभेवर प्रश्न असायचा. तो गिळण्यासाठी मी काहीबाही बोलायचे. मोड आलेल्या मुगाबद्दल, समोरच्या काकूंच्या पाहुण्यांबद्दल. एकदा जुईच म्हणाली, ''आई, गप्प बसलीस तरी चालेल गं.'' मग आम्ही गप्प बसायला शिकलो. उसाच्या रसाच्या गाड्या नुकत्या लागायला लागल्या होत्या. दोघी एकेक ग्लास घेऊन भिंतीच्या सावलीत उभ्या राहायचो. आल्याचा तिखटपणा घशाला लागायचा. त्या गप्प बसण्याइतकं बरं मला त्या अख्ख्या वर्षात दुसरं काही वाटलं नाही.

लोकांचं काय करायचं, हा प्रश्न अण्णांनी सोडवला. अण्णा म्हणजे माझे सासरे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्या शेजारच्या काकूंनी आम्हाला त्या इमारतीत शिरताना बघितलं आणि घरी येऊन हळूच विचारलं, ''वकिलाकडे चकरा चालल्या आहेत वाटतं?'' अण्णा वर्तमानपत्रामागून म्हणाले, ''हो. जमिनीची जुनी केस आहे.'' काकू समाधानाने गेल्या. ग्वाल्हेरात केस नसलेलं घर कुठलं!

मी घाबरून जुईकडे बघितलं. कुणाला काय सांगायचं हे जुई ठरवेल, असं मॅडमनी बजावलं होतं. पण जुई खुदकन हसली. महिन्याभरात मी ऐकलेलं तिचं ते पहिलं हसू. त्यानंतर दर बुधवारी ती दप्तर टाकून ओरडायची, ''आई, चल, तारीख आहे!''

तीन वेळा झाल्यावर तिने स्वतःच मॅडमना सांगितलं की यायचं आहे. याचा अर्थ भुवई लगेच उगवली असा नाही. एक आठवडा बारीक खुंट दिसायचे, मला देवदर्शन झाल्यासारखं व्हायचं, पुढच्या आठवड्यात जागा पुन्हा गुळगुळीत. मी ते मोजत होते. तिच्याशी बोलताना माझी नजर डोळ्यांऐवजी इंचभर वर असायची. ती मान फिरवून घ्यायची.

बोर्ड जवळ आलं आणि घरात दोन पक्ष पडले. महेशचं म्हणणं, परीक्षा द्यायलाच हवी, एकदा टाळली की कायमची भीती बसते. मला वाटत होतं, यंदा सोडून द्यावी. ते मी जुईच्या भल्यासाठी म्हणते आहे असं मला वाटायचं. खरं तर मला त्या सकाळींपासून सुटका हवी होती. आम्ही मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ''ये फैसला मेरा नहीं है. पूरा आपका भी नहीं है. होली के बाद तीनों साथ आइए.''

होळी होऊन गेली होती, जिन्याच्या कोपऱ्यात अजून गुलालाचे डाग होते. आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. बोलणं अर्थातच हिंदीत. इथे जन्म गेला, हिंदी मला मराठीइतकीच येते. पण माझी हिंदी कामाची हिंदी आहे. मुट्ठी बंद कीजिए, लंबी साँस लीजिए, रिपोर्ट शाम को मिलेगी. त्या हिंदीत मी शहाण्यासारखं बोलत राहिले. बच्ची की सेहत सबसे ज़रूरी है, हमारी तरफ से कोई दबाव नहीं है. जुई खिडकीबाहेर बघत होती.

मॅडम म्हणाल्या, ''ये तो आपने बहुत अच्छा बोला. अब जो सुबह-सुबह होता है आपको, वो बताइए.''

आणि माझी हिंदी संपली. खरंच संपली, नळाचं पाणी जावं तशी. मी मराठीत बोलायला लागले. जुईकडे बघून नाही, माझ्या हातांकडे बघून. म्हटलं, ''मला तुझी भीती वाटते गं. सकाळी तुझं दार उघडायला माझा हात धजत नाही. आत काय दिसेल, मी काय बोलेन, त्याने तुला काय होईल. मी बाहेर उभी राहते. तुला हाक मारायच्या आधी मी तीनदा शब्द जुळवते. आणि मग जे बाहेर येतं ते ओरडणंच असतं.''

मॅडमना मराठी येत नव्हती. त्या म्हणाल्या, ''बेटा, मम्मी ने क्या कहा, मुझे बताओगी?''

जुई म्हणाली, ''मम्मी कह रही हैं कि... उनको मेरे लिए डर लगता है.''

तेवढं चालून गेलं असतं. चांगलं वाक्य होतं, सगळ्या आया ते बोलतात. पण मी बोलून गेले, ''नाही जुई. तुझ्यासाठी तर वाटतेच. पण मी म्हटलं, तुझी. तुझीच भीती वाटते मला.''

जुईने माझ्याकडे बघितलं. कूलर घरघरत होता. जुई शब्द उचलून उचलून बोलली. ''मम्मी कह रही हैं... कि उनको... मुझसे डर लगता है.'' आणि तिथेच थांबली. मग मराठीत, लहान मुलीसारखी, ''माझी? आई, माझी कशी भीती वाटेल तुला?''

''वाटते.''

''मला वाटलं, तुला माझा राग येतो. रोज. मला वाटलं, तू दाराबाहेर उभी राहतेस, म्हणजे तुला आत यायचंच नसतं. मला तुझे पाय दिसतात ना खालून.''

तिला माझे पाय दिसत होते. इतके दिवस दाराच्या फटीतून ती माझे पाय बघत होती आणि मी तिची भुवई. आम्ही दोघी रडलो. टिश्यू पेपरचा डबा खिडकीत होता, कागद घ्यायला उठावं लागत होतं; महेश उठला, दोघींना एकेक कागद दिला आणि तिसरा स्वतः घेतला. मॅडमना कुणीही भाषांतर करून सांगितलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

त्यानंतर परीक्षेचं ठरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ठरवलं जुईने. ती परीक्षा देणार होती. तिच्या अटी होत्या. केंद्रावर सोडायला फक्त अण्णा येतील, कारण ते बोलत नाहीत. कुणी फाटकाशी उभं राहायचं नाही. पेपर कसा गेला हे कुणीही विचारायचं नाही. आणि गणित नाही जमलं तर कोरा देऊन येईन, तो माझा प्रश्न. महेशने शेवटच्या अटीलाही मान डोलावली.

मी त्या दिवशी आणखी एक अट घातली, स्वतःलाच. दुसऱ्या सकाळी दार वाजवलं आणि उभी न राहता सरळ आत गेले. जुई पलंगावर बसली होती, हात भुवईवर होता. मी तिच्या शेजारी बसले. खिडकीतून थंड वारा येत होता, खाली कुणीतरी अंगण झाडत होतं. थोड्या वेळाने तिने हात खाली घेतला. थोड्या वेळाने पुन्हा वर नेला. मी तिच्या डोळ्यांत बघायला शिकत होते, इंचभर खाली. सोपं नव्हतं, पण जमत होतं.

गणिताच्या पेपरच्या दिवशी लॅबमध्ये मला एका धडधाकट पैलवानाची शीर सापडेना. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्याने मलाच धीर दिला, ''कोई बात नहीं बहनजी, दूसरे हाथ से ले लो.'' घरी आले तर जुई जेवून झोपलेली. महेश स्वयंपाकघरात आणि बाहेर येरझाऱ्या घालत होता, एखादा पाइप कुठेतरी फुटला आहे आणि सांगायला मनाई आहे असा चेहरा करून. आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी कणीक मळताना ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ''सगळा नाही झाला. पण कोरा नाही दिला.''

''बरं,'' मी म्हटलं. कणीक मऊ झाली होती, तरी मी मळतच राहिले.

सुनीता संध्याकाळी आली तेव्हा मी तिला यातलं निम्मं सांगितलं. खोटं सांगून नेऊ नका. पहिल्याच दारात जमेल असं समजू नका. कधी जायचं, आत कोण येणार, कुणाला कळू द्यायचं, हे मुलीला ठरवू द्या. अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी लॅबच्या सरांशी मी बोलते. तिने विचारलं, ''दीदी, ठीक हो जाएगी ना?'' मी म्हटलं, ''हाँ.'' मी हे इतक्या खात्रीने कसं म्हणू शकते? तिची मुलगी मी पाहिलेलीही नाही. पण मी तिच्या आईला पाहत होते, आणि ती विचारायला आली होती. आमच्या घरात तिथवर पोचायलाच चार महिने लागले होते.

त्या वर्षी मे महिन्यात निकाल लागला. गणितात जेमतेम पास, बाकी चांगले. महेशने पेढे आणले तेव्हा जुई म्हणाली, ''बाबा, इतक्या मार्कांना कुणी पेढे आणतं का?'' तो म्हणाला, ''मी आणतो.'' भुवई जूनमध्ये पुन्हा एकदा विरळ झाली. यावेळी तिने स्वतः येऊन दाखवली, ''आई, बघ, परत सुरू झालं,'' आणि स्वतःच पुढची वेळ घेतली. दुसऱ्यांदा ती घाबरली नाही. मी घाबरले, पण तिला सांगून घाबरले.

पावसाळा सरत आला तेव्हा मॅडमनी आम्हा तिघांना पुन्हा एकत्र बोलावलं. आता दर आठवड्याला यायची गरज आहे का, हे ठरवायचं होतं. त्यांनी जुईला विचारलं. जुई पाय हलवत म्हणाली, ''मेरा तो महीने में एक बार में हो जाएगा. पर मम्मी को आप रख लीजिए.''

सगळे हसले. मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं की हसता हसता जुई माझ्याकडे बघते आहे आणि तिने हे चेष्टेत म्हटलेलं नाही. मॅडमच्याही लक्षात आलं. त्या म्हणाल्या, ''मैं तो जुई की हूँ, इसलिए आपको मैं नहीं देखूँगी. पर एक नाम दे सकती हूँ.'' आणि त्यांनी कागदावर दुसऱ्या एका बाईंचं नाव लिहून दिलं.

तो कागद दोन आठवडे माझ्या पर्समध्ये राहिला. मला काय झालंय, असं मी स्वतःला विचारत होते. झोप येते, भूक लागते, रिपोर्ट नॉर्मल. मग एका दुपारी लॅबमध्येच बसून फोन लावला आणि वेळ मागितली. पलीकडून विचारलं, ''किसके लिए?'' मी लगेच म्हटलं, ''मेरी बेटी...'' आणि थांबले. ''नहीं. मेरे लिए.''

निघायच्या दिवशी मी साडी बदलून बाहेर आले तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते. जुई क्लासला गेलेली. त्यांनी विचारलं, ''एकटीच? जुईची तारीख नाही का आज?''

''नाही अण्णा. आज माझी आहे.''

त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्या त्या परेडमधल्या सरळ नजरेने. मी पुढचे प्रश्न मोजत उभी राहिले. ते म्हणाले, ''जा. संध्याकाळचा चहा मी बघतो.''

सत्त्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी कधी गॅस पेटवलेला मी पाहिलेला नव्हता. परत आले तेव्हा ओट्यावर दूध सांडलं होतं, चहापत्तीचा डबा उघडा होता आणि बशीखाली झाकून ठेवलेला एक कप माझी वाट बघत होता. चहा कोमट होता, आल्याऐवजी त्यांनी चुकून आंबेहळद किसून घातली होती. अण्णा दारात उभे राहून बघत होते. मी तिथेच, पर्स खांद्यावर असतानाच, तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.